रात्रीची लाइट, दिवसाचं ऊन

प्रश्न : तीन एचपीच्या सौर पंपासाठी मी फक्त १० टक्के रक्कम भरली. बाकी पैसे घालून सरकारला काय मिळतं? (एक शेतकरी, जत)

उत्तर : दादा, माझे वडील रात्री दोनच्या लाइटीला बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जायचे, बांधावर साप. म्हणून तुमचा पंप मला आधीच आवडला! आता हिशेब. शेतीला वीज स्वस्त दिली की तूट कारखान्यांच्या बिलात नाहीतर सरकारी तिजोरीत निघते, तीही दरवर्षी. सौर पंपासाठीच्या २०१९ च्या केंद्राच्या ‘कुसुम’ योजनेतलं अनुदान मात्र एकदाच. शिवाय डिझेल इंजिन सुटलं तर तेल वाचतं. आपलं ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून, डॉलर मोजून येतं. धास्ती एकच. ऊन फुकट म्हणून पंप दिवसभर चालतो, आणि तुमच्याकडच्या विहिरी आधीच तळाला.