पीअर-टू-पीअर व्हिडिओ का अडकतो? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: सर्व्हरवरून थेट चालवला तर व्हिडिओ नीट चालतो, पीअर-टू-पीअर (प्रेक्षकांनी म्हणजे पीअरनी एकमेकांना व्हिडिओचे तुकडे देणं) सुरू केलं की सारखा अडकतो. काय चुकतंय?

बहुधा तुकडे मागण्याचा क्रम. टॉरेंटमध्ये (फाइल एकमेकांत वाटून घेण्याच्या पद्धतीत) सर्वांत दुर्मिळ, म्हणजे सर्वांत कमी जणांकडे असलेला, तुकडा आधी आणतात, कारण तिथे पूर्ण फाइल मिळाली की काम झालं. व्हिडिओत प्रत्येक तुकड्याला मुदत असते. म्हणून बफरचे (आधीच आणून ठेवायच्या पुढच्या व्हिडिओचे) दोन भाग करा. सेगमेंट (व्हिडिओचे तुकडे) 6 सेकंदांचे असतील तर अगदी पुढचे दोन क्रमाने आणि सर्व्हरवरूनच आणा. त्यापुढचे चार-पाच पीअरकडून घ्या. दुर्मिळ आधी हा नियम तिथेच लावा.

टाइमआउटही (उत्तराची वाट बघण्याची मर्यादा) तपासा. सरसकट 10 सेकंद ठेवून भागत नाही. 4 एमबीपीएसचा (सेकंदाला 4 मेगाबिट) 6 सेकंदांचा सेगमेंट म्हणजे 24 मेगाबिट, अर्थात 3 एमबी (मेगाबाइट). 1 एमबीपीएसने देणाऱ्या पीअरला तो पाठवायला 24 सेकंद लागणार. हाती 18 सेकंदच असतील तर हे पहिल्या एक-दोन सेकंदांतच कळायला हवं. उरलेल्या डेटाला मिळणाऱ्या वेगाने भागा. उत्तर मुदतीबाहेर जात असेल तर पीअरची मागणी रद्द करा आणि उरलेला भागच रेंज रिक्वेस्टने (फाइलचा ठरावीक भागच मागून) सर्व्हरकडून घ्या. आलेला भाग फेकून अख्खा सेगमेंट नव्याने मागणं हा निव्वळ अपव्यय आहे.

थेट प्रक्षेपणात सगळ्यांना ताजा सेगमेंट एकाच क्षणी हवा असतो. तिथे थोड्याच प्रेक्षकांनी तो सर्व्हरवरून घ्यावा. बाकीच्यांनी प्रत्येकी वेगवेगळा वेळ, फार तर दीड-दोन सेकंद, थांबून आधी पीअरकडे बघावं. सगळे सारखाच वेळ थांबले तर सर्व्हरवर एकदमच तुटून पडतात.

प्रश्न: प्रेक्षक भरपूर आहेत, तरी निम्म्यांना एकही पीअर मिळत नाही. टर्न सर्व्हर (मधे राहून एकाचा डेटा दुसऱ्याला पोचवणारा) लावू का?

नको. टर्नमधला प्रत्येक बाइट तुमच्याच सर्व्हरमध्ये येऊन पुन्हा बाहेर जातो. त्यापेक्षा सीडीएन (ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून फाइल देणारी सेवा) बरं. स्टन (पीअरला त्याचा इंटरनेटवरचा पत्ता सांगणारा सर्व्हर) पुरेसं आहे. दोन्हीकडे सिमेट्रिक नॅट (प्रत्येक जोडणीसाठी बाहेरचा पत्ता-पोर्ट बदलणारा राउटर) असेल तर थेट जोडणी सहसा होत नाही. 5 सेकंदांत जुळलं नाही तर नाद सोडा.

पण त्याआधी एकमेकांना तुकडे देणाऱ्या प्रेक्षकांच्या गटाची ओळख कशी बनते ते बघा. ती पूर्ण यूआरएलवरून बनत असेल आणि यूआरएलला प्रत्येक प्रेक्षकाचं वेगळं टोकन (परवानगीचा संकेतांक) असेल, तर प्रत्येक जण आपल्या गटात एकटाच राहतो. टोकन वगळून ओळख बनवा. शिवाय 1080पीचा सेगमेंट 720पी बघणाऱ्याला उपयोगी नाही. दर्जाचे पर्याय जितके जास्त, तितके गट विखुरतात.

प्रश्न: सर्व्हरवरचा भार किती कमी होईल?

अपलोड मोजा. 4 एमबीपीएसने बघणाऱ्या 100 जणांना 400 एमबीपीएस लागतात. प्रत्येकाकडून सरासरी 1.5 एमबीपीएस अपलोड मिळाला तर 150, म्हणजे फार तर 37.5 टक्के. कोणाचाही अपलोड पूर्ण भरू नका: डाउनलोडच्या पोचपावत्या रांगेत अडकतात आणि त्याचाच व्हिडिओ थांबतो. मोबाइल डेटावर अपलोड बंदच ठेवा.

प्रश्न: एखाद्या पीअरने बिघडलेला तुकडा दिला तर?

प्रत्येक सेगमेंटचा एसएचए-256 हॅश (डेटावरून काढलेला, डेटा बदलला की बदलणारा ठसा) स्वतःच्या सर्व्हरवरून एचटीटीपीएसने द्या. जुळला नाही तर तुकडा टाकून द्या, सर्व्हरवरून आणा, त्या पीअरची जोडणी तोडा. वेबआरटीसीचं (ब्राउझरना थेट जोडणाऱ्या तंत्राचं) एन्क्रिप्शन फक्त वाटेतली ढवळाढवळ रोखतं. पीअरनेच खोटा तुकडा पाठवला तर ते तो ओळखू शकत नाही.