रंगाच्या डब्याबाहेरचा खर्च

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, सोबतचं कोटेशनही नीट वाचलं. तालुक्याचा गॅरेजवाला प्रायमर (खालचा पहिला थर), पीयू (वरचा पॉलियुरेथेन रंग) आणि मजुरी धरून ४५,००० रुपयांत तू स्वतः बांधलेलं छोटं विमान रंगवून देतो म्हणतो, आणि तू विचारतेस, ‘काका, हो म्हणू का?’

आकडा खोटा नाही. माणूस प्रामाणिक दिसतो, हातही चांगला असावा. पण त्याने हिशेब जीपचा मांडला आहे. जीपला जे लागत नाही ते त्यात आलेलंच नाही, आणि विमानाचा खरा पैसा तिथेच जातो. तुझ्या बाबांनी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, पैशातून बाजूला काढलेली ही रक्कम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी डब्याचं पाहू. पंख वरून-खालून, फ्युजलाज (विमानाचं धड) आणि शेपूट मिळून तुझ्या विमानाचा पत्रा साधारण ५० चौरस मीटर भरतो. वाळल्यावर टॉपकोट, म्हणजे वरचा रंग, ५० मायक्रॉन (मिलिमीटरचा विसावा भाग) राहिला तरी पुष्कळ झाला. म्हणजे पत्र्यावर शेवटी उरणार फक्त अडीच लिटर रंग. पण मिसळलेल्या रंगातला निम्म्याहून जास्त भाग थिनरसोबत उडून जातो, आणि साध्या गनने मारला तर त्यातलाही निम्म्याहून अधिक पत्र्याला न लागता हवेत जातो. ते अडीच लिटर पत्र्यावर बसवायला १२ लिटर माल लागेल. कमी दाबाने रंग मारणारी एचव्हीएलपी गन घेतलीस तर आठ-नऊ लिटरमध्ये भागेल. कार रिफिनिशचा चांगल्या कंपनीचा टू-के पीयू (रंग आणि हार्डनर असे दोन भाग मिसळून वापरायचा) हार्डनर-थिनरसकट लिटरला १,५०० ते २,५०० रुपये धर, वर १८ टक्के जीएसटी. वाचलेल्या तीन-चार लिटरमध्ये गनची किंमत बरीचशी वसूल होते. परदेशी विमानाच्या रंगाचा नाद सोड. तो ज्वलनशील माल म्हणून येतो, वाहतुकीचा खर्चच अंगावर येईल. तुझ्या वेगाच्या, तुझ्या वजनाच्या विमानाला गाडीचा चांगला पीयू पुरतो, हे माझं ठाम मत आहे.

डब्यापेक्षा मोठा खर्च पत्रा तयार करण्याचा. ॲल्युमिनियमवर रंग सहज धरत नाही. हवेतच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर येतो, वर रिव्हेट मारताना लागलेलं तेल, आपल्या बोटांचा घाम, मार्करच्या खुणा. यातलं काहीही राहिलं तर पहिल्याच पावसाळ्यात रंग पापुद्र्यासारखा सुटतो. मग पूर्ण रंग काढून पुन्हा मारायचा, म्हणजे दुसऱ्यांदा खर्च पहिल्यापेक्षा जास्त. साबणाच्या पाण्याने धू, मरून रंगाच्या स्कॉच-ब्राइटने घास, पुन्हा धू, मग स्वच्छ सुती फडक्याने सॉल्व्हंटचा हात फिरव आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घे. वाळू दिलंस तर मळ होता तिथेच बसतो. लोखंडी काथ्या मात्र चुकूनही वापरू नकोस. त्याचे बारीक कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथूनच गंज सुरू होतो.

झालं की नाही हे डोळ्याला कळत नाही, पाण्याला कळतं. तांब्याभर स्वच्छ पाणी पत्र्यावर वरून सोड आणि बाजूला उभी राहून बघ. पाण्याची एकसंध चादर खाली उतरली आणि अर्धा मिनिट तशीच टिकली तर पत्रा तयार. कुठे चादर फाटून थेंब गोळा झाले तर तिथे तेल आहे. बहुतेक वेळा हे थेंब रिव्हेटच्या ओळींवर आणि पत्र्यांच्या जोडांवर दिसतात, कारण तेल जोडाच्या आत शिरलेलं असतं आणि पुसल्यावरही हळूहळू बाहेर येत राहतं. तेवढी जागा पुन्हा घासायची, पुन्हा पाणी. या कामाला दिवसच्या दिवस जातात आणि गॅरेजवाल्याच्या कोटेशनमध्ये त्याची एक ओळही नाही. हे काम त्याच्यावर सोपवू नकोस. तू आणि तुझा भाऊ करा. मजुरी वाचेल, आणि प्रत्येक रिव्हेट पुन्हा एकदा नजरेखालून जाईल.

धुतल्यावर क्रोमेटचं रसायन लावायचा सल्ला तुला कोणी देईल. त्याने पकड चांगली येते, हे खरं. पण त्यातलं क्रोमियम कर्करोग करणारं आहे, आणि तुमचं गोदाम विहिरीपासून किती जवळ आहे हे मला ठाऊक आहे. ते पाणी नाल्यात किंवा वावरात सोडायचं नाही म्हणजे नाही. ते सांभाळायची सोय नसेल तर क्रोमविरहित रसायन घे, किंवा नुसतं नीट घासून एपॉक्सी प्रायमर मार.

आता वजन. रुपयांच्या कोटेशनमध्ये किलोचा रकाना नसतो, आणि विमानाला तोच सगळ्यांत महाग पडतो. टॉपकोटचे अडीच लिटर म्हणजे साडेतीन-चार किलो, प्रायमरचा दीड किलो. हात सावध असेल तर पाच-सहा किलोत काम होतं. गाडी रंगवणाऱ्याची सवय वेगळी असते. पत्रा थोडा खोलगट दिसला की पुट्टी, झाकलं नाही की अजून एक हात, चकाकीसाठी वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. सहाचे बारा किलो व्हायला वेळ लागत नाही. विमानाच्या कमाल वजनाची मर्यादा मात्र हलत नाही, ते जास्तीचे सहा किलो कुठून तरी कमी करावेच लागतात. सहा किलो पेट्रोल म्हणजे आठेक लिटर, आणि तुझ्या इंजिनाच्या भुकेने ते साधारण अर्ध्या तासाचं उड्डाण. एक जादा हात मारून तू जन्मभरासाठी अर्धा तास गमावतेस. अमेरिकेच्या स्पेस शटलची मोठी टाकी १९८१ च्या पहिल्या दोन उड्डाणांत पांढरी रंगवलेली होती. पुढे रंग देणंच बंद केलं आणि पावणेतीनशे किलोच्या आसपास वजन वाचलं. त्यांना जे वजन परवडलं नाही ते आपल्याला परवडेल असं समजू नकोस.

म्हणून पुट्टी नको. पत्र्याचा खड्डा दिसू दे.

आणि हे वजन कुठे बसतं तेही पाहावं लागतं. शेपटीवरचा एक किलो इंजिनाजवळच्या किलोपेक्षा कितीतरी जास्त बोलतो, कारण तो लांब अंतरावरून तोल मागे ओढतो. एलेव्हेटर, रडर, एलेरॉन या पंख-शेपटीच्या हलणाऱ्या भागांचा रंग तर बिजागरीच्या मागच्या बाजूलाच जास्त पडतो. त्याने त्यांचा बॅलन्स बिघडला तर वेगात ते पृष्ठभाग फडफडायला लागतात, त्याला फ्लटर म्हणतात, आणि फ्लटर काही सेकंदांत शेपूट तोडू शकतो. रंगवल्यानंतर हे भाग उतरवून मॅन्युअलप्रमाणे बॅलन्स तपासायचा, पूर्ण विमान पुन्हा काट्यावर चढवायचं, गुरुत्वमध्य नव्याने काढायचा आणि एएमईची, म्हणजे विमान देखभाल अभियंत्याची, सही घ्यायची. काट्याचं भाडं आणि एएमईची फी हा रंगाचाच खर्च आहे, तो याच वहीत लिही.

मास्किंग टेपचंही सांगतो. फ्युजलाजच्या कडेला स्टॅटिक पोर्टची, म्हणजे उंची आणि वेग दाखवणाऱ्या यंत्रांना बाहेरच्या हवेचा दाब पोचवणारी, बारीक छिद्रं आहेत. ती झाकावीच लागतात, आणि नंतर उघडावीही लागतात. २ ऑक्टोबर १९९६ ला एअरोपेरूचं बोइंग ७५७ लिमाहून रात्री उठलं. विमान साफ करताना स्टॅटिक पोर्टवर लावलेली टेप काढायची राहून गेली होती. वैमानिकांना खरी उंची कळेना, खरा वेग कळेना. विमान समुद्रात पडलं आणि ७० माणसं गेली. तू त्या छिद्रांवर पत्र्याच्या रंगाची टेप लावू नकोस. लाल लाव, तिला वीतभर लोंबती शेपटी ठेव, आणि किती ठिकाणी लावली ते भिंतीवर लिहून ठेव.

फुप्फुसांबद्दल मी तुझ्याशी वाद घालणार नाही, फक्त सांगणार आहे. टू-के पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते धोकादायक प्रमाणात असलं तरी वास येईलच असं नाही. एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की पुढे थोड्याशा वाफेनेही दम्याचा झटका येतो. गॅरेजमधला पोरगा तोंडाला रुमाल बांधून मारतो, म्हणून तूही मारशील, हे मी ऐकून घेणार नाही. कोळशाचा मास्कही पुरेसा नाही, कारण तो कधी संपला हे कळायला मार्ग नसतो. बाहेरची हवा नळीने आत देणारा संच घे. त्याचा पंप तेलविरहित, वेगळा आणि गोदामाबाहेर वाऱ्याच्या वरच्या अंगाला. अंगभर कपडे, हातमोजे. मारणाऱ्याला आणि मदतीला आत थांबणाऱ्याला, दोघांनाही. पैसे कमी पडले तर रंग पुढच्या वर्षी कर, पण हा संच टाळू नकोस. आणि त्या दिवशी शेजारच्या कोठ्यातली ढोरं सोडून दूर बांध.

आगीचंही तितकंच गंभीर आहे. तुमच्या गोदामात कापसाची गंजी असताना तिथे थिनर उडवायचा नाही. एका साध्या पंख्याच्या मोटरची ठिणगी पुरते. गोदाम पूर्ण रिकामं झाल्याशिवाय गन हातात घेऊ नकोस.

वेळेचंही गणित यातूनच सुटतं. दिवाळीनंतर हवा थंड-कोरडी असते, पण तेव्हा गावभर वेचणी आणि जिनिंग चालू असतं. रुईचा तंतू ओल्या रंगावर बसला की काढताच येत नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळी दव, मध्येच तुरीच्या थ्रेशरचा भुसा. मे महिन्यात ४४-४५ अंशांत रंग पत्र्यापर्यंत पोचायच्या आतच वाळतो आणि खरखरीत बसतो. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी. माझ्या मते आपल्याकडे फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा सगळ्यांत बरा. कापूस बहुतेक उचललेला, गव्हाचं हार्वेस्टर अजून सुरू झालेलं नाही. अवकाळीचा अंदाज तेवढा पाहून घ्यायचा. सकाळी दहा ते दुपारी तीन एवढ्यातच मारायचं, जमिनीवर पाणी शिंपडून. थ्री फेज लाइनचं त्या आठवड्याचं वेळापत्रक आधी विचारून घे. अर्ध्या पंखावर लाइन गेली तर तो पंख पुन्हा घासावा लागेल.

रंगाबद्दल तू लिहिलंस, गडद निळा मेटॅलिक. मन मोडतो, पण पांढराच घे. पंखांची टोकं आणि काउलिंग (इंजिनाचं आवरण) तुझी फायबरची आहेत. चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या उन्हात गडद रंग इतका तापतो की एपॉक्सी मऊ पडायला लागतो. शिवाय मेटॅलिकला वर क्लिअर कोट लागतोच, म्हणजे आणखी वजन, आणि उद्या एक ठिगळ मारायची वेळ आली तर छटा जुळत नाही. निळा पट्टा हवाच असेल तर रेडियमच्या दुकानातून चांगल्या विनाइलचा कापून आण. स्वस्त पडतो, हलका असतो, बदलता येतो.

नोंदणीची अक्षरंही विनाइलचीच, आणि आत्ता नाहीच. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीच्या चारकोपला गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात सगळ्यांनी पाहिलं, नोंदणी हातात पडायला २०१७ उजाडलं. कागद त्याच्या वेळेने येतो. तू जागा तेवढी मोकळी ठेव: पंखाखाली ५० सेंटिमीटर उंचीची अक्षरं, फ्युजलाजवर ३० ची. पत्रा अरुंद असेल तर डीजीसीएला (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला) आधी विचार.

आता माझं म्हणणं. यंदा रंगवूच नकोस. तुझा पत्रा ६०६१ जातीच्या ॲल्युमिनियमचा आहे, तो उघडा राहिला तरी समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यापासून दूर असलेल्या आपल्या मुलखात वर्षभरात काही बिघडत नाही. आधी उडव, चाचणीचे तास पूर्ण होऊ दे. कुठे तेल झिरपतं, कुठे रिव्हेट सैल होते, कुठे झाकण बदलावं लागतं, हे सगळं त्या काळात समोर येतं, आणि प्रत्येक दुरुस्ती ताजा रंग फोडून करावी लागत नाही. गावातून विमानतळापर्यंत पंख टेम्पोत जाणार, तो रस्ता मला माहीत आहे, ताज्या रंगाला ओरखडे पडतील. सरपंचांना २६ जानेवारीला चकचकीत विमान दाखवायचं असेल तर त्यांना सांग, उघडा पत्रा पॉलिश केला की उन्हात जास्त चमकतो. फक्त गोदामातली पोटॅश आणि युरियाची पोती आजच बाहेर काढ. पोटॅशच्या क्षारात ओलावा मिळाला की ॲल्युमिनियमला खड्डे पडतात, तिथे वर्षभर थांबायची सोय नाही.

पुढच्या फेब्रुवारीसाठी १,१०,००० रुपये बाजूला ठेव. रंग आणि प्रायमरला तीसेक हजार, हवेच्या संचाला जवळजवळ तेवढेच, बाकी गन, पेपर, टेप, प्लास्टिक, विनाइल, काटा आणि एएमई. गॅरेजवाल्याला नाही म्हणू नकोस, त्याला फक्त गन चालवायच्या दिवसांची मजुरी विचार आणि एका जुन्या पत्र्यावर त्याच्याकडून दोन हात मारून घे. तो तुकडा आधी आणि नंतर सोनाराच्या काट्यावर तोल, दोन्ही आकडे मला कळव. एका चौरस मीटरला प्रायमरसकट १२५ ग्रॅमच्या पुढे गेला तर त्याच्याशी बसून बोलावं लागेल, मी येतो.

तोवर डाव्या पंखाच्या खालच्या बाजूला पाण्याची परीक्षा करून बघ, आणि थेंब कुठे जमले त्याचा फोटो उजेड आडवा ठेवून काढ.

आई-बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
काका