कॉलेजला सरकारचे २ कोटी आले, तरी प्रयोगशाळा तशीच का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मुलगा तालुक्याच्या अनुदानित कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. फाटकाशी फलक आहे, ‘रुसा अंतर्गत रु. २ कोटी’, म्हणजे सरकारच्या उच्च शिक्षणाच्या योजनेतले. मुलगा मात्र घरी येऊन सांगतो की प्रॅक्टिकलला एका उपकरणामागे सहा जण उभे असतात आणि एका विषयाला तर सरच नाहीत. मग पैसे गेले कुठे?

गावात विचाराल तर एका शब्दात उत्तर मिळेल: खाल्ले. मी अशाच एका कॉलेजच्या ऑफिसात ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची ९ कार्यालय अधीक्षक म्हणून, आणि अनुदानाच्या फायली माझ्याच टेबलावरून जायच्या. खाणारे असतात, नाही कशाला म्हणू. तीन वेगवेगळ्या दुकानांची तीन दरपत्रकं, तिन्हींत ‘मायक्रोस्कोप’चा ‘मायक्रोस्कोर’ झालेला, हेही याच डोळ्यांनी पाहिलंय. पण तुमच्या मुलाला जे दिसतंय त्याचं कारण बहुतेक वेळा याहून रटाळ असतं. हा पैसा वस्तू आणायला येतो. ती वस्तू चालवायला आणि चालवणारा माणूस ठेवायला त्यात जागाच नसते.

आधी ‘अनुदानित’ या शब्दाचा घोळ सोडवू. कॉलेज अनुदानित आहे म्हणजे मंजूर पदांवरच्या प्राध्यापकांचा आणि कर्मचाऱ्यांचा पगार राज्य सरकार देतं. तो उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयातून येतो आणि त्याचा रुसाशी काडीचा संबंध नाही. एखादे सर निवृत्त झाले की ती जागा भरायला सरकारची ना हरकत लागते, बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या आरक्षणाची त्याची यादी, तपासून घ्यावी लागते, मग जाहिरात, मग मुलाखती. यात किती वर्षं जातील ते ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. तोवर तासिका तत्त्वावर कुणीतरी नेमायचा. त्याला शिकवलेल्या तासांचेच पैसे मिळतात, तेही महिनोन्‌महिने उशिरा, म्हणून तो बिचारा दोन-दोन कॉलेजं करतो. तुमच्या मुलाचे ‘सर कधी येतात, कधी येत नाहीत’ ते बहुधा हेच. फाटकावरच्या २ कोटींतून त्यांना एक रुपयाही देता येत नाही. दिला तर लेखापरीक्षक तो वसूल करायला लावेल, आणि ते नियमाला धरूनच होईल.

आता ते २ कोटी. रुसा म्हणजे राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान, २०१३ मध्ये सुरू झालं. त्याआधी आम्ही यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जिवावर होतो. पंचवार्षिक योजनेतून पुस्तकांना, उपकरणांना, मुलींच्या वसतिगृहाला, प्राध्यापकांच्या लहान संशोधन प्रकल्पांना पैसे मिळायचे. त्यासाठी कॉलेजचं नाव यूजीसी कायद्याच्या २ (फ) आणि १२ (ब) कलमांखाली नोंदलेलं असावं लागे. पुण्याला गणेशखिंडीत यूजीसीचं पश्चिम विभागीय कार्यालय आहे. तिथल्या बाकावर डबा सोडून बसलेल्या हेडक्लार्कांची एक पिढीच आहे, मी त्यातलाच. रक्कम लहान असायची. पण ती विभागप्रमुखाने मागितलेल्या गोष्टीला मिळायची, म्हणून वापरली जायची. २०१७च्या मार्चमध्ये बारावी योजना संपली आणि तो झरा आमच्यासारख्यांसाठी जवळजवळ आटला.

रुसाचा पैसा केंद्र आणि राज्य मिळून देतात. महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी प्रमाण ६०:४० आहे, ईशान्येकडच्या राज्यांना ९०:१०. म्हणजे २ कोटींतले १ कोटी २० लाख दिल्लीचे, ८० लाख मुंबईचे. दोन्ही एकाच दिवशी कधी येत नाहीत. केंद्राचा हिस्सा राज्याच्या तिजोरीत, तिथून मुंबईतल्या राज्य प्रकल्प संचालनालयाकडे, तिथून हप्त्याहप्त्याने आपल्याकडे. एक हप्ता खर्च करून त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा सुटत नाही. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हा: फलकावरचे २ कोटी मंजूर झालेत की मिळालेत? फलक रंगवणारा मंजुरीच्या पत्रावरून रंगवतो. मिळालेली रक्कम बघून फलक पुन्हा रंगवलेला मी तरी पाहिला नाही.

पायाभूत सुविधांच्या या अनुदानाची वाटणी ठरलेली होती: ३५ टक्के नव्या बांधकामाला, ३५ टक्के जुन्याच्या नूतनीकरणाला, ३० टक्के उपकरणं आणि सुविधांना. २ कोटींचे झाले ७०, ७० आणि ६० लाख. म्हणजे १ कोटी ४० लाख वीट, सिमेंट, फरशी आणि रंग यांतच जाणार, कॉलेजची इच्छा असो वा नसो. आमच्याकडे खोल्या पुरेशा होत्या, पटसंख्याच घसरत होती. रसायनशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, ‘बांधकामातले वीस लाख उपकरणांत घ्या ना.’ घेता येत नाहीत, हेड वेगळं, म्हणजे खर्चाचं खातंच वेगळं. शेवटी आम्ही दोन वर्गखोल्या बांधल्या. एकीत परीक्षा विभागाचे गठ्ठे ठेवले.

उरलेल्या ६० लाखांत सगळे विभाग. शिवाय संगणक, ग्रंथालय, सीसीटीव्ही, जिमचं सामान, भाषा प्रयोगशाळा. प्रत्येक विभागप्रमुखाची यादी आली की बैठक कशी होते ते वेगळं सांगायला नको, लग्नघरात मानपानावरून होते तशीच. शेवटी सगळ्यांना थोडं थोडं. भौतिकशास्त्राला मिळून मिळून पाच-सहा लाखांचं सामान. वर्गात ८० मुलं. आता तुम्हीच हिशेब करा, एका उपकरणामागे सहा का.

बांधकामाची आणखी एक गंमत सांगतो. प्रस्ताव पाठवताना अंदाजपत्रक त्या वर्षीच्या दरसूचीवर केलेलं असतं. पैसा यायला दीड-दोन वर्षं. आमचं अंदाजपत्रक जीएसटीपूर्वीचं होतं आणि काम सुरू झालं १ जुलै २०१७ नंतर. ठेकेदार हिशेबाला बसला तेव्हा १८ टक्के कुठल्या रकान्यात टाकायचे यावर तीन बैठका झाल्या. वाढीव पैसा येणार नव्हताच. मग स्वच्छतागृहाच्या टाइल्स कमी झाल्या आणि जिन्याचा कठडा स्टीलऐवजी लोखंडाचा झाला. बाहेरून बघणारा म्हणणार, बघा, कठड्याचे पैसे खाल्ले.

देखरेख नाही असं मात्र समजू नका. इस्रोच्या भुवन पोर्टलवर प्रत्येक कामाचे फोटो अक्षांश-रेखांशासह चढवावे लागायचे. काम सुरू होण्याआधीचा, चालू असतानाचा आणि झाल्यावरचा. आमच्या शिपायाने उत्साहाच्या भरात जुनी शेड आदल्या दिवशीच पाडून टाकली आणि ‘आधीचा’ फोटो राहून गेला. मग जुन्या स्नेहसंमेलनाच्या फोटोंत मागे कुठे शेड दिसते का ते शोधत बसलो. पण त्या फोटोत अक्षांश कुठून आणणार! चौकोनी मोकळ्या जागेचाच फोटो चढवला आणि खुलासा जोडला.

आणि व्याज. अनुदान बँकेत पडलं की त्यावर व्याज साचतं, ते आपलं नसतं, त्याचाही हिशेब द्यावा लागतो. एकदा आमचं उपयोगिता प्रमाणपत्र ४१२ रुपयांच्या व्याजासाठी परत आलं. पुढचा हप्ता ४० लाखांचा, आणि तो या ४१२ रुपयांपायी पाच महिने अडला. ते रुपये मी खिशातून भरायला तयार होतो, तेही चालत नव्हतं.

पण माझ्या मते खरं दुखणं पुढे आहे. आमच्या रसायनशास्त्र विभागाने अनुदानातून यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर घेतला. चांगला घेतला, निविदा सरळ झाली, मॅडमनी स्वतः तीन ठिकाणी जाऊन यंत्र पाहिलं होतं. दोन वर्षं पोरांनी त्यावर काम केलं, शेजारच्या कॉलेजची मुलंही यायची. मग त्यातला ड्युटेरियमचा दिवा गेला. हा दिवा जाणारच असतो, त्याचं आयुष्य ठरावीक तासांचं. नवा आणायला काही हजार रुपये. रुसातून देता येत नाही, कारण तो देखभालीचा खर्च. राज्याच्या पगाराच्या अनुदानातून देता येत नाही, कारण तो पगार नाही. वेतनेतर अनुदान येईल तेव्हा येईल, आणि आलं तर आधी विजेचं बिल. संस्थेकडे मागितलं तर चेअरमनसाहेब म्हणाले, ‘सरकारने यंत्र दिलं, दिवा पण सरकारच देईल.’ लाखांचं यंत्र प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली चौदा महिने बसून होतं. भाषा प्रयोगशाळेचंही तेच. पहिल्या वर्षाचा सॉफ्टवेअरचा परवाना किमतीत होता, दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचे पैसे नव्हते. तेव्हापासून तिथे हेडफोन आहेत, भाषा नाही. प्रयोगशाळा परिचर निवृत्त झाला आणि जागा भरली नाही, की ठरलेल्या वेळेनंतर कुलूप लागतं, आत कितीही नवं सामान असो.

लेखापरीक्षणात यातलं काही सापडत नाही. यंत्र घेतलं का? घेतलं. डेडस्टॉकला, म्हणजे टिकाऊ सामानाच्या रजिस्टरला, नोंद आहे का? आहे. बिल जुळतं का? जुळतं. चालतं का, हा रकानाच फॉर्मवर नाही.

तुमच्या शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजला काहीच कसं मिळालं नाही, असंही तुम्ही विचारलंय. रुसाचा पैसा नॅकच्या श्रेणीवर मिळायचा. नॅक म्हणजे कॉलेजं तपासून त्यांना श्रेणी देणारी राष्ट्रीय संस्था. नॅकला सामोरं जायचं तर प्रयोगशाळा, ग्रंथालय, पूर्णवेळ शिक्षक दाखवावे लागतात. ते नाहीत म्हणून श्रेणी नाही, श्रेणी नाही म्हणून अनुदान नाही, अनुदान नाही म्हणून ते नाहीत. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. ज्यांच्याकडे आधीच बरं चाललंय त्यांना आणखी बरं करायला पैसा, हे धोरण मला कधी पटलं नाही. पण दिल्लीत मला कोण विचारतो?

२०२३ मध्ये रुसाचं नाव बदलून पीएम-उषा झालं. २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन वर्षांसाठी १२,९२६.१० कोटींची तरतूद. आकडे मोठे झाले: काही विद्यापीठांना बहुविद्याशाखीय करण्यासाठी १०० कोटी, इतर विद्यापीठांच्या बळकटीकरणाला २० कोटींपर्यंत, कॉलेजला ५ कोटींपर्यंत. राज्याने केंद्राशी करार केल्याशिवाय दमडी नाही अशी अट होती. करारात नवं शैक्षणिक धोरण राबवण्याची हमी होती, म्हणून काही राज्यं बराच काळ सहीविना बाहेर राहिली. या योजनेत बांधकाम-उपकरणांच्या जोडीला प्रशिक्षणासारख्या गोष्टींनाही थोडी जागा केली आहे, हे चांगलं. दिव्याचं काय, ते मात्र मी निवृत्त झालो तरी तसंच आहे.

आता तुम्ही काय करायचं. ‘२ कोटींचा हिशेब द्या’ असा अर्ज करू नका, त्याला ‘माहिती विस्तृत आहे’ असं उत्तर येईल. अनुदानित कॉलेज माहिती अधिकाराच्या कक्षेत येतं, तिथे जनमाहिती अधिकारी नेमलेला असतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, हे सांभाळा. तीन कागद मागा: मिळालेल्या हप्त्यांची तारीखवार यादी, दिलेली उपयोगिता प्रमाणपत्रं, आणि त्या योजनेतून घेतलेल्या वस्तूंची डेडस्टॉक रजिस्टरची पानं. उत्तराला ३० दिवस. अर्जात ‘भ्रष्टाचार’ हा शब्द घालू नका. ऑफिसातला माणूस तो वाचला की फाइल कपाटात ढकलतो. मीही ढकलली असती, खोटं कशाला बोलू.

ती पानं हातात आली की मुलाला कामाला लावा. प्रत्येक यंत्राच्या बाजूला किंवा खाली ऑइलपेंटने डेडस्टॉकचा नंबर घातलेला असतो, वर्ष आणि विभागासकट. प्रॅक्टिकलच्या दिवशी त्याने फक्त नंबर टिपून आणायचे आणि पुढे ‘चालू’ किंवा ‘बंद’ लिहायचं. रजिस्टरात आहे पण खोलीत नाही, असं काही निघालं तर तुमचा संशय खरा, सरळ प्राचार्यांकडे लेखी जा. पण माझा अंदाज असा की नंबर जवळजवळ सगळे जुळतील आणि ‘बंद’ची यादी लांबलचक निघेल. ती यादी महाविद्यालय विकास समितीच्या बैठकीपूर्वी प्राचार्यांना द्या. प्रत्येक यंत्रापुढे दुरुस्तीला किती लागतील तेही विचारून लिहा.

आमचा तो दिवा माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात वर्गणी काढून आणला. पावती अजून माझ्याकडे आहे, कारण ती कुठल्या हेडला लावायची हे शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.