मऊ पोटावर विश्वास ठेवू नकोस

प्रिय डॉक्टर,

रात्री अडीच वाजता पाठवलेला तुझा मेसेज मी सकाळी वाचला. ऐंशीच्या पुढचे आजोबा, दुपारपासून पोटात दुखतंय, ताप नाही, पांढऱ्या पेशी नॉर्मल, पोट मऊ. तू सीटी स्कॅन मागितलास आणि वरिष्ठांकडून उत्तर आलं, "आधी पोट तपासायला शीक, मग मशीनकडे धाव." आता तू मला विचारते आहेस की हात कच्चा आहे म्हणून आपण स्कॅनच्या आड लपतोय का.

तुझा हात कच्चा नाही. म्हातारं पोट खरं बोलत नाही, एवढंच आहे. पोट लाकडासारखं कडक व्हायला पोटाचे स्नायू लागतात आणि शरीराची जोरकस प्रतिक्रिया लागते. वय झालं की दोन्ही ओसरतं. आतडं फुटलेलं असतं आणि वर हाताला काही लागत नाही. हृदयाचा वेग कमी ठेवणारी बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल तर नाडी सत्तरच्या पुढे सरकत नाही. स्टिरॉइड चालू असतील तर उरलीसुरली खूणही पुसली जाते. पांढऱ्या पेशी नॉर्मल आल्या म्हणून निवांत झालेले किती डॉक्टर मी पाहिले! त्यात मीही होतो.

मी तेव्हा रेसिडेंट होतो. पंचाहत्तरीच्या एक आजी आल्या होत्या. गुडघे पोटाशी घेतलेले आणि ट्रॉलीची दांडी अशी घट्ट धरलेली की बोटांची पेरं पांढरी पडली होती. मी पोट दाबलं, ते उशीसारखं आत गेलं. कळा एवढ्या आणि पोटात काहीच नाही, याचा मला राग आला. काळजी वाटायला हवी होती. मी 'बद्धकोष्ठता' लिहिलं, एनिमा दिला, घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. सर्जननी पोट उघडलं, काळं पडलेलं आतडं पाहिलं आणि तसंच शिवून टाकलं. अनियमित ठोक्यांमुळे हृदयात धरलेली गुठळी सुटून आतड्याच्या मुख्य धमनीत अडकली होती. केसपेपर मी नंतर काढून पाहिला. 'बद्धकोष्ठता' या शब्दाच्या दोन ओळी वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: नाडी अनियमित.

तेव्हा रात्रीच्या स्कॅनला परवानगी मिळणं कठीण असायचं, हे खरं. मी बरीच वर्षं स्वतःला तेच सांगत आलो. पण मी मागितलाच नव्हता.

म्हणून सांगतो, आणि पुन्हा पुन्हा सांगणार: मऊ पोटावर विश्वास ठेवू नकोस. तपास नीट कर. हर्निया बघायला पँट खाली कर, नाडी पूर्ण एक मिनिट मोज. पण तपासणीतून शंका घ्यायची असते. पासष्टीपुढच्या माणसाला निर्दोष ठरवायचा अधिकार नुसत्या हाताला नाही. बद्धकोष्ठता, गॅस, लघवीचा संसर्ग ही निदानं या वयात सगळ्यात शेवटी. सत्तरीत आयुष्यात पहिल्यांदाच मुतखडा झालाय असं वाटलं, तर आधी महाधमनी फुगलेली नाही ना ते बघ.

किडनीचं क्रिएटिनिन थोडं वाढून १.६ आहे म्हणून कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून द्यायचं औषध, नाकारला, असं तू लिहिलं आहेस. इथे माझा धीर सुटतो. कॉन्ट्रास्टनं किडनी जाते ही भीती आपण फुगवून ठेवली आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी आणि नॅशनल किडनी फाउंडेशन यांनी २०२० साली एकत्र बसून हेच लिहिलं. किडनीची गाळण्याची क्षमता सांगणारा ईजीएफआर ३० च्या खाली असेल किंवा किडनीला नुकतीच इजा झाली असेल, तर सलाइन वगैरे काळजी घ्या. पण जिवाचा प्रश्न असताना स्कॅन अडवू नका. आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याची शंका असेल, तर कॉन्ट्रास्टशिवायचा स्कॅन बहुतेकदा काहीच सांगत नाही. तोंडानं कॉन्ट्रास्ट पाजत दोन तास घालवायचीही गरज नाही. आतड्याला रक्त कमी पडलं की रक्तात वाढणारं लॅक्टेट नॉर्मल आलं म्हणून थांबू नकोस, सुरुवातीला ते नॉर्मल असू शकतं. रेडिएशनचं म्हणशील, तर त्यातून कॅन्सर व्हायला वर्षानुवर्षं लागतात. ऐंशीच्या माणसाला धोका आज रात्रीचा आहे.

फॉर्मवर नुसतं 'पोटदुखी' लिहू नकोस. 'नाडी अनियमित, दुखणं तपासणीच्या मानानं फार जास्त, आतड्याचा रक्तपुरवठा बघा' असं लिही, आणि रेडिओलॉजिस्टला स्वतः फोन कर. ते धमनीचा फेजही, म्हणजे कॉन्ट्रास्ट धमन्यांत असतानाची चित्रंही, घेतील. फॉर्ममध्ये प्रश्नच नसेल तर रिपोर्टात उत्तर कुठून येणार?

बीपी कोसळलेल्या माणसाला स्कॅनच्या खोलीत पाठवायचं नाही. त्याच्या खाटेशी सोनोग्राफी आण, सर्जनला बोलाव. पोटाच्या वरच्या भागात दुखत असेल तर आधी ईसीजी. पित्ताशयाची शंका असेल तर सोनोग्राफीनं सुरुवात कर. हे तुला येतं, म्हणून लांबवत नाही. आणि स्कॅन स्वच्छ आला तरी दुखणं थांबलं नसेल, तर तीन-चार तासांनी पुन्हा पोटावर हात ठेव.

मी ऊठसूट स्कॅन मागतो असं माझ्याबद्दलही बोललं जातं. बोलू देत. माझ्या मागितलेल्या स्कॅनांपैकी कितीतरी नॉर्मल आले, आणि त्यातल्या एकाचाही मला पश्चात्ताप नाही. ज्याचा आहे, तो कधी झालाच नाही.

आजोबांचं पुढे काय झालं ते तू लिहिलंच नाहीस. स्कॅन अजून झाला नसेल, तर फोन खाली ठेव आणि वॉर्डात जा. नाडी मोज, पोट बघ, फॉर्म पुन्हा भर. परत नकार आला तर नकार देणाऱ्याचं नाव आणि वेळ केसपेपरवर लिही, आणि लगेच मला फोन कर. मी त्यांच्याशी बोलतो.