इमॉल्युमेंट म्हणजे नजराणा का? (नाही, दळणावळ!)

तुमचा प्रश्न असा की अमेरिकेच्या बातम्यांमध्ये सारखा 'इमॉल्युमेंट्स क्लॉज' येतो, त्याला एका ठिकाणी 'मानधन कलम' आणि दुसऱ्या ठिकाणी 'नजराणा कलम' असं छापलेलं तुम्ही वाचलंत, तर यातलं बरोबर कुठलं. माझ्या मते दोन्ही चूक, पण नजराण्याची चूक जास्त मजेशीर आहे म्हणून आधी तीच घेतो.

त्या कलमात नुसता एक शब्द नाहीये, चार आहेत. अमेरिकन राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातलं नववं कलम, त्यात म्हटलंय की लाभाच्या किंवा विश्वासाच्या पदावर असलेल्या कुणीही काँग्रेसच्या (म्हणजे तिथल्या संसदेच्या) संमतीशिवाय परक्या राजाकडून, राजपुत्राकडून किंवा राज्याकडून भेट, इमॉल्युमेंट, पद किंवा किताब यातलं काहीही, कुठल्याही प्रकारचं, घेऊ नये. आता 'भेट' आधीच वेगळी सांगितलीये म्हटल्यावर इमॉल्युमेंटला पुन्हा नजराणा म्हणून कसं चालेल? नजराणा म्हणजे भेटच, तीही खालच्यानं वरच्याला दिलेली (वरच्यानं खालच्याला दिली की ती खिलत). आणि जाता जाता, नजराण्याचा डोळ्याच्या नजरेशी काही संबंध नाही हां! अरबीत हे दोन वेगळे शब्द आहेत, एक बघण्याचा आणि दुसरा नवसाचा, अर्पण करण्याचा. मराठीत येताना दोघांचंही 'नजर' झालं, म्हणून 'तलवार नजर केली' म्हटलं की आपल्याला वाटतं तलवार दाखवली.

आता खुद्द इमॉल्युमेंट. मूळ लॅटिन, आणि त्याच्या पोटात दळणं आहे. दाढेला इंग्रजीत मोलर म्हणतात ना, त्याच घराण्यातला. बहुधा गिरणीवाल्याला दळून देण्याबद्दल जे मिळायचं ते इमॉल्युमेंट, पुढे अर्थ पसरत कुठलीही कमाई, फायदा असा झाला. म्हणजे शब्दाला शब्द ठेवायचा तर मराठीत तयारच आहे, दळणावळ! धुणावळ, खाणावळ यांची बहीण. पण 'दळणावळ कलम' छापलं तर निम्मे लोक ते दळणवळण खात्याचं समजतील, त्यामुळे हा मोह सोडावा लागतो.

भेटीचा भाग मात्र सोपा आणि किस्सेबाज आहे. अमेरिकेचे फ्रान्समधले राजदूत बेंजामिन फ्रँकलिन पॅरिसहून निघाले तेव्हा फ्रान्सचा राजा सोळाव्या लुईनं त्यांना स्वतःचं चित्र बसवलेली तपकिरीची डबी दिली, चित्राभोवती ४०८ हिरे. काँग्रेसनं ठेवू दिली, पण लोकांच्या मनात ती खुपत राहिली, आणि १७८७ ला घटना लिहिताना हे कलम आलं. (फ्रँकलिननी ते चित्र मृत्युपत्रात मुलीला दिलं आणि वर बजावलं की हिऱ्यांचे दागिने करू नकोस, तर तिनं काही हिरे विकून युरोपची ट्रिप केली.) मग १८४० मध्ये मस्कतच्या सुलतानाचं 'सुलताना' जहाज न्यूयॉर्कला लागलं, मुंबईत माझगावला बांधलेलं बरं का, त्यात राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्यूरनसाठी घोडे, मोती, गालिचे. त्यांनी सरळ काँग्रेसकडे विषय नेला.

भांडण होतं ते इमॉल्युमेंटवरच. ट्रम्प पहिल्यांदा राष्ट्राध्यक्ष असताना त्यांच्या वॉशिंग्टनच्या हॉटेलात परदेशी सरकारची माणसं उतरायची, बिल भरायची. आता हे बिल म्हणजे इमॉल्युमेंट का? त्यांचे वकील म्हणायचे नाही, एखाद्या पदाचं किंवा चाकरीचं जे मिळतं तेच इमॉल्युमेंट. समोरची बाजू म्हणायची कुठलाही नफा, फायदा, लाभ. यात चक्क डिक्शनऱ्या कोर्टात गेल्या! जॉन मिखाइल या कायद्याच्या प्राध्यापकानं १६०४ ते १८०६ मधले इंग्रजी कोश धुंडाळले, तर जवळपास सगळीकडे रुंद अर्थच सापडला, आणि २०१८ मध्ये मेरीलँडमधल्या न्यायाधीशानंही तोच धरला. शब्दवेड्या माणसाला याहून गोड बातमी ती कुठली. पण शेवटचा निकाल लागलाच नाही, जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प पायउतार झाल्यावर सुप्रीम कोर्टानं प्रकरणं निरर्थक ठरली म्हणून काढून टाकली. २०२५ मध्ये कतारनं देऊ केलेल्या विमानावरून परत हेच कलम निघालं, पण ते 'भेट' या शब्दाखाली येतं, त्याला कोश लागत नाही.

म्हणूनच 'मानधन' नको, ते लिहिलंत की नकळत तुम्ही ट्रम्पच्या वकिलांचा अरुंद अर्थ स्वीकारलात.

मग मराठीत काय? आपल्या संविधानात हेच आहे की. अनुच्छेद १८, किताब नष्ट करणारा, त्याच्या चौथ्या खंडात लाभपदावर किंवा विश्वासपदावर असलेल्यानं राष्ट्रपतींच्या संमतीशिवाय परक्या देशाकडून भेट, इमॉल्युमेंट किंवा पद घेऊ नये असं आहे, अमेरिकन वाक्याचा सख्खा भाऊच. फक्त संमती तिकडे काँग्रेसची, इकडे राष्ट्रपतींची, आणि परक्या देशाचा किताब तर भारतीय नागरिकाला घेताच येत नाही, मग तो पदावर असो नसो. इमॉल्युमेंटला सरकारी मराठीत 'वित्तलब्धी' म्हणतात, हिंदीत नुसतं 'उपलब्धि'. वित्तलब्धी अचूक वाटते पण त्यात वित्त अडकलंय, परदेशानं फुकट दिलेला प्लॉट किंवा ट्रेडमार्क हे वित्त का, यावर पुन्हा वाद घाला.

माझं मत विचाराल तर 'प्राप्ती'. प्राप्तिकरामुळे शब्द ओळखीचा आहे, पगारापुरता बांधलेला नाही, आणि मुलगा बघायला गेल्यावर मामा हळूच विचारायचे, पगार ठीक आहे हो, वरची प्राप्ती किती? ती वरची प्राप्तीच या कलमाला नकोय. तेव्हा 'परकीय प्राप्ती कलम' लिहा, पहिल्यांदा येईल तेव्हा शेजारी इमॉल्युमेंट्स असं देवनागरीत टाका म्हणजे गूगल करणाऱ्याची सोय होईल.