परतीची मुदत संपली, आता काय?

प्रश्न : भाचीच्या साखरपुड्यासाठी मी ऑनलाइन कुर्ता मागवला. आम्ही गावी असल्यामुळे पार्सल उशिरा उघडले, तेव्हा कुर्ता अंगाला घट्ट होताच, शिवाय काखेतली शिवणही उसवलेली होती. पूर्वी चौदा दिवसांची असलेली परतीची मुदत आता सातच दिवसांची झाली आहे, असे सांगून कंपनीने हात वर केले. हे कायद्याला धरून आहे का?

उत्तर : केवळ माप चुकले किंवा रंग आवडला नाही म्हणून कपडा परत घेण्याची सक्ती आपला कायदा विक्रेत्यावर करत नाही, ती मुदत त्याच्या धोरणावर अवलंबून असते आणि खरेदीच्या दिवशी जे धोरण जाहीर होते, तेच तुम्हाला लागू होते. त्यामुळे ‘घट्ट होतो’ हा मुद्दा सोडून द्यावा. उसवलेल्या शिवणीचे मात्र तसे नाही. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार सदोष अथवा जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. अडचण आहे ती पुराव्याची, कारण दिवस उलटल्यावर ‘तुम्हीच वापरून उसवला’ असे उत्तर हमखास येते. म्हणून लेबल न काढता शिवणीची छायाचित्रे घ्यावीत आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. त्याने ४८ तासांत पोच देणे व महिन्याभरात निवारण करणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.