यादी राहू दे, एक शॉट धर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

सिनेमावरच्या पुस्तकांची तुझी यादी मिळाली. बर्गमन, फेलिनी, तारकोव्हस्की, ब्रेसाँ, सगळे परदेशी दिग्दर्शक. एकेकावर एकेक जाडजूड इंग्रजी ग्रंथ. परभणीत राहून एवढं मागवायचं म्हणजे खोलीभाडं थकवावं लागेल, लेकरा. निम्मं तर आत्ता नकोच. आधी समीक्षा वाचून सिनेमा बघितला की लेखकाला दिसलं तेवढंच आपल्याला दिसतं. म्हणून जपानी दिग्दर्शक ओझूचा 'लेट स्प्रिंग' (१९४९) बघ, मग पुस्तकाला हात लाव.

त्यात क्योतोच्या मुक्कामातली एक रात्र आहे. लग्न ठरलेली नोरिको बापाशेजारच्या अंथरुणावर पडलीय. ती बोलतेय, तोवर बापाला झोप लागलेली. ती वर बघत किंचित हसते. मग पडद्यावर अंधाऱ्या खोलीतली फुलदाणी, मागं झाडाच्या सावल्या. पुन्हा नोरिको, आता रडू फुटायच्या बेतात. पुन्हा फुलदाणी. एवढंच.

आणि एवढ्यावरून केवढं लिहिलं गेलं! सिनेमावर लिहिणाऱ्यांपैकी पॉल श्रेडर (१९७२ च्या पुस्तकात) म्हणतो, त्या निश्चल वस्तूत उलटसुलट भावना एकत्र मावतात. डोनाल्ड रिची (१९७४) म्हणतो, हसू आणि आसू यांच्यामधला तो सांधा आहे, आपल्या भावनाही तिथंच साठतात. डेव्हिड बोर्डवेल (१९८८) मात्र एवढा अर्थ लादायला तयार नाही; गोष्टीवरून नजर बाजूला नेणारे असे शॉट ओझू जागोजागी घालतो, याकडे तो बोट दाखवतो. मला पटतो बोर्डवेल, पण वाचायची गोडी रिचीत. तिघांचं वाचून तो प्रसंग पुन्हा लाव आणि नोरिकोची नजर नेमकी कुठं आहे ते बघ. रिचीच्या पिढीला सिनेमा असा हवा तिथं थांबवून बघायची सोय नव्हती. तुझ्या मोबाइलमध्ये आहे.

फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोनं थरारपटवाल्या हिचकॉकची घेतलेली दीर्घ मुलाखत जरूर वाच, १९६२ सालची. प्रश्न विचारणाराच दिग्दर्शक, त्यामुळं बोलणं थेट कामाचं. फक्त दिग्दर्शक स्वतःच्या सिनेमाविषयी सांगतो ते सगळंच खरं धरून चालू नकोस. हिचकॉक तर गोष्ट रंगवण्यात पटाईत.

मराठीत काही नाही, असं तू लिहिलंस ते मात्र खटकलं. आपल्या नांदेडच्या विजय पाडळकरांचं कुरोसावाच्या 'राशोमोन' या जपानी सिनेमावर अख्खं पुस्तक आहे, 'गर्द रानात भर दुपारी'. गुरू दत्त तुझ्या यादीत नाही, तरी अरुण खोपकरांचं 'गुरू दत्त : तीन अंकी शोकांतिका' वाच, प्रकाश, कॅमेऱ्याची हालचाल, गाण्याचं चित्रीकरण यांच्याबद्दल मराठीत कसं लिहावं ते कळेल. दोन्ही जिल्हा ग्रंथालयात विचारून बघ.

ओझूवरची पुस्तकं माझ्याकडं आहेत. सुट्टीत नांदेडला ये आणि घेऊन जा. पेन्सिलीच्या खुणा चालतील, बॉलपेन नको. पानं दुमडायची तर अजिबात नाहीत.

तुझा,
काका